काश्यपीच्या मागे मागे: आपल्या नळाला नेमकी कोणती नदी?

पाथर्डीफाट्याचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांब झालाय, चहा घेऊनच बसा.

मुलगी सहावीत आहे. शाळा सुरू होऊन पंधरवडा होत नाही तोच प्रकल्प आला: 'आपल्या घरी पाणी कुठून येते?' तिने पुठ्ठ्यावर निळा नळ काढला, वर धरणाची भिंत काढली, खाली लिहिलं 'गंगापूर धरण, गोदावरी नदी'. झाला प्रकल्प. अण्णा (माझे वडील, वय ७६) शेजारीच पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "आणि काश्यपी कुठंय?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली, मी अण्णांकडे. जन्म नाशिकचा, बेचाळीस वर्षं इथलंच पाणी पितोय, पण काश्यपी म्हणजे पावसाळ्यात पेपरात येणाऱ्या तक्त्यातली एक ओळ, एवढीच माझी ओळख. गंगापूर इतके टक्के, काश्यपी इतके, गौतमी गोदावरी इतके. तो तक्ताही मी पाणीकपात टळली का एवढंच बघायला वाचतो.

मग गेल्या रविवारी तिघं निघालो. गंगापूर गाव, दुगाव, गिरणारे. गिरणाऱ्यात मिसळ झाली (तिच्यावर वेगळा धागा काढावा लागेल). तिथून हरसूलच्या रस्त्याला लागलो की नाशिक मागे पडतं. द्राक्षाचे मांडव आणि टोमॅटो संपतात, भाताची खाचरं सुरू होतात. धोंडेगावच्या पुढे डाव्या हाताला मातीची लांबलचक भिंत दिसते. हेच काश्यपी धरण.

आम्ही गेलो तेव्हा पाऊस लांबला होता. पाणी पार तळाला गेलेलं, काठावर चिखलाच्या पायऱ्या पडलेल्या, मागे मागे सरकलेल्या पाण्याच्या. भिंतीच्या खालच्या बाजूला नदी शोधली. मुलगी म्हणाली, "हा तर नाला आहे." खरंच सांगतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी ती चार ढांगांत ओलांडली. काळे दगड, करंजाची झाडं, मधे पाण्याची एक रेघ आणि त्या रेघेत दोन पोरं खेकडे धरतायत. अर्ध्या शहराला पाणी पाजणारी नदी म्हणून मी डोळ्यांसमोर काय आणलं होतं कुणास ठाऊक, हे मात्र नक्की नव्हतं.

अण्णांना उगमच बघायचा होता. म्हणून देवरगावावरून वाघेरा घाटापर्यंत गेलो. तिथल्या डोंगरातून एक धार निघत नाही, पाच-सहा ओहोळ उतरतात. त्यातला कुठला खरा? रस्त्याकडेला एक आजी गुरं राखत बसल्या होत्या. विचारलं, "आजी, काश्यपी कुठून निघते?"

आजी म्हणाल्या, "काश्यपी? ते धरानाचं नाव. ही नदी."

एवढंच. ही नदी. तिला नाव लागतं ते खालच्यांना, तक्त्यात लिहायला.

घाटात उभं राहून अण्णांनी एक गोष्ट दाखवली ती मला कुणीच कधी सांगितली नव्हती. त्या डोंगरधारेवर पडलेला पाऊस हरसूलच्या अंगाला उतरला तर दमणगंगेच्या खोऱ्यात जातो, म्हणजे गुजरातेत आणि अरबी समुद्रात. अलीकडे पडला तर काश्यपी, गंगापूर, रामकुंड, पैठण, नांदेड करत थेट बंगालच्या उपसागरात. एका वाऱ्याच्या झुळकेचा फरक. पोरगी दोन्हीकडे एकेक थेंब पाणी बाटलीतून सांडून आली.

आता प्रश्न. काश्यपीचं पाणी गंगापूरला पोचतं कसं, पाइपातून का? त्यातलं आपल्या वाट्याला किती येतं? आणि एवढी कामाची नदी आहे तर तिचं नाव कुणालाच का माहीत नाही?

---

उंबरा

वाचतेय. आजी भारी!

---

पंचवटीकर

छान लिहिलंत. आम्ही गंगापूरलाही 'गंगापूर' म्हणत नाही, 'धरण' म्हणतो. आणि गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाच्या पेपरात म्हणायचं. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे रामकुंडावर. आमच्या आजीला कुणी गोदावरी म्हटलं की ती विचारायची, "कोण गोदावरी? देशपांड्यांची?"

काश्यपीशी आमचा संबंध पुरापुरता. ती भरली, गंगापूर भरलं, विसर्ग सुरू झाला की आम्ही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघायचं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आमची मोजपट्टी तीच, क्युसेक वगैरे नंतर आले. १९६९चा पूर वडिलांनी पाहिलाय, ते अजून नारोशंकराच्या देवळाच्या घंटेवरून सांगतात.

---

जॅकवेल

धागाकर्त्याच्या प्रश्नांना उत्तरं देतो. माझी उभी नोकरी पाणी उचलण्यात गेली, आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळ भरपूर.

पहिला प्रश्न. पाइप नाही. काश्यपीचं पाणी काश्यपीतूनच येतं. धरणाच्या विमोचकातून (पाणी सोडायच्या दारातून) नदीत सोडतात, नदी ते गंगापूरच्या बॅकवॉटरमध्ये आणून टाकते. गौतमी गोदावरीचं तसंच. बेझ्याजवळ ते धरण आहे, तेही खाली गंगापूरलाच. ही दोन धरणं म्हणजे माळ्यावरच्या टाक्या समजा आणि गंगापूर म्हणजे स्वयंपाकघरातला पिंप. आपण तांब्या पिंपातच बुडवतो. पिंप तळाला गेला की माळ्यावरची टाकी सोडायची. म्हणून मे-जूनमध्ये नदी कोरडी हवी तेव्हा ती वाहते आणि पाऊस सुरू झाला की सुरुवातीला धरण भरेपर्यंत भिंतीखाली ठणठणीत. तुम्ही पाहिलीत ती रेघ म्हणजे तेच सोडलेलं किंवा पाझरलेलं पाणी.

दुसरा प्रश्न. पेपरवाले 'दलघफू' लिहितात ते दशलक्ष घनफूट. एक दलघफू म्हणजे साधारण २ कोटी ८३ लाख लिटर. गंगापूर ५,६३० दलघफू, काश्यपी १,८५२, गौतमी गोदावरी १,८६८, आळंदी ८१६. चारही मिळून १०,१६६, याला गंगापूर धरण समूह म्हणतात. शहर दिवसाला साधारण १९ ते २० दलघफू उचलतं. भागाकार करा: भरलेली काश्यपी म्हणजे शहराचं तीन महिन्यांचं पाणी. कागदावर. बाष्पीभवन, शेतीचं आवर्तन, तळाचा मृतसाठा हे सगळं वजा केलं की त्याहून कमी.

पुढचं. धरणातून जॅकवेलमध्ये (पंप बसवलेल्या खोल विहिरीत) पाणी येतं, तिथून पंपाने उचलून शिवाजीनगर, बारा बंगला, पंचवटी, निलगिरी बाग, गांधीनगर अशा जलशुद्धीकरण केंद्रांत. तुरटी, निवळणं, वाळूची गाळणी, क्लोरीन, मग जलकुंभ, मग तुम्ही. धरणाची पातळी फारच उतरली की जॅकवेलपर्यंत पाणी आणायला चर खोदायची वेळ येते. तो खर्च आणि ती धावपळ ज्याने पाहिली तो अंगणात पाइपने गाडी धूत नाही.

आणि आता वाईट बातमी. तुमच्या नावावरून पाथर्डी फाटा दिसतोय. तुमच्या भागाला विल्होळीच्या केंद्रातून पाणी येतं. विल्होळीला ते मुकणे धरणातून थेट पाइपलाइनने येतं, २०१८ पासून. मुकणे धरण इगतपुरी तालुक्यात औंढा नदीवर. म्हणजे काश्यपीचा थेंबही तुमच्या नळाला नाही.

---

पाथर्डीफाट्याचा

अरे देवा.

---

पाथर्डीफाट्याचा

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पुठ्ठा परत?" अण्णा हसताहेत. ते म्हणतात त्यांचं आयुष्य जुन्या नाशकात गेलं, त्यांच्या पोटात काश्यपीच आहे, नंतर मुलाने फ्लॅट घेऊन नदी बदलली.

---

मोजपट्टी

जॅकवेलकाकांना +१. पिंपाची उपमा चोरणार आहे.

एक आकडा मी जोडतो, सिव्हिलवाला असल्यामुळे खाज आहे. गंगापूर धरण मातीचं, १९६५ मध्ये पूर्ण झालं. तेव्हा त्याची क्षमता सात टीएमसीच्या वर धरली होती. आज ५.६३. हजार दलघफू म्हणजे एक टीएमसी. मधला सुमारे दीड टीएमसी कुठे गेला? कुठेच गेला नाही, तिथेच आहे, गाळ होऊन. आता काश्यपीची क्षमता बघा, १.८५ टीएमसी. म्हणजे वर एक आख्खी नदी अडवून, लोकांची शेतं बुडवून जेवढं पाणी कमावलं, त्यातलं बरंचसं खालच्या पिंपात गाळाने आधीच खाल्लेलं आहे. शहर वाढतंय म्हणून नवं धरण हवं असं म्हणतात, ते खरंच आहे. पण निम्मं धरण आपण जुन्याची भरपाई म्हणून बांधतो हे कुणी म्हणत नाही. किकवी या नव्या धरणाला २००९ मध्ये मंजुरी मिळाली, त्याचं घोडं पुढे कित्येक वर्षं पेंडच खात राहिलं.

गाळ येतो कुठून? धागाकर्ता ज्या डोंगरावर उभा होता तिथून. झाड गेलेला उतार, नांगरलेला उतार आणि हल्ली फार्महाउससाठी जेसीबीने कापलेला उतार. सह्याद्रीचा पाऊस असा की इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि नाशिक शहरात सातशेच्या आसपास. अंतर तासाभराचं. सगळा मार त्या वरच्या पट्ट्यावर पडतो आणि माती घेऊन खाली येतो. पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी आलं म्हणून ओरडतो ना आपण, ती तीच माती.

---

द्राक्षबाग_मखमलाबाद

गाळावर कुणी तरी बोललं बरं झालं. सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ची. तो गाळ आमच्या रानात सोन्यासारखा. दोन वर्षं टाकला, मुरमाड तुकडा सुधारला. पण ट्रॅक्टरचं भाडं, डिझेल आपलं आणि उन्हाळ्यात मिळणारे दिवस मोजके.

बाकी शहरवाल्यांनो, एक लक्षात घ्या. धरण बांधलं तेव्हा शहर केवढं होतं? धरण पाटासाठी होतं. डावा कालवा आमच्या मखमलाबादवरून जातो, त्याच्यावर बाग उभी राहिली. उजव्या कालव्याचं काय झालं ते बघा, शहरातल्या शहरात गडप. आधी पाट होता, मग पाटाकडेला बंगले आले, आता पाटाचा रस्ता झाला. पूर्वी शहर हे धरणाकडे आलेलं पाहुणं होतं, आता आम्ही पाहुणे. आवर्तन कधी मिळेल ते पिण्याचं आरक्षण काढून झाल्यावर ठरतं. पिण्याचं पहिलं, हे मान्य. पण पिण्याच्या नावाखाली लॉन पण पितं.

---

नाशिकरोडी

आम्हाला कुणी विचारतच नाही. नाशिकरोडचं पाणी परंपरेने दारणेचं, चेहडी बंधाऱ्यावरून उचललेलं. दारणा धरण १९१६चं, इंग्रजांनी पाटासाठी बांधलेलं, गंगापूरच्या कितीतरी आधीचं. गंमत अशी की चेहडीला वालदेवी येऊन मिळते आणि वालदेवी देवळाली-विहितगावकडून येताना काय काय घेऊन येते ते सांगत नाही, जेवणाची वेळ आहे. उन्हाळ्यात दारणेचा प्रवाह बारीक झाला की बंधाऱ्यात वालदेवीचाच वाटा वाढतो. मग तिथला उपसा बंद ठेवून आम्हाला गंगापूरचं पाणी देतात. त्यामुळे आमच्याकडे ऋतूप्रमाणे नदी बदलते. माझी सासू चहाच्या चवीवरून सांगते आज कोणतं आलंय. खोटं वाटेल, पण दहातले आठ वेळा बरोबर निघतं.

---

उंबरा

@नाशिकरोडी सासूबाईंना जॅकवेलकाकांच्या जागी बसवा.

---

कुशावर्त

त्र्यंबकहून. तुम्ही सगळे काश्यपी काश्यपी करताय, जरा मुख्य नदीचं पण ऐका. ब्रह्मगिरीवरून गोदावरी उतरते, गंगाद्वार, मग कुशावर्त. बाहेरगावचा भाविक कुशावर्तात डुबकी मारून विचारतो, "आता नदी कुठे आहे?" आम्ही म्हणतो, "तुम्ही उभे आहात त्याच्या खाली." गावात नदीवर स्लॅब टाकून वर रस्ता केलेला आहे. नीलगंगा, अहिल्या, म्हातारओहोळ, सगळ्या अशाच कुठेतरी आत. पुढे चक्रतीर्थाला, बेझ्याकडे, ती नीट दिसते. कथाच अशी आहे की देवी ब्रह्मगिरीवर गुप्त झाली आणि चक्रतीर्थाला प्रकटली. पुराणकारांनी आमचा स्लॅब आधीच पाहिला होता बहुतेक.

चेष्टा सोडा. त्र्यंबकचं सांडपाणी जातं ते गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला. तीर्थ घ्यायला वर्षभर गर्दी, श्रावणात विचारू नका, आणि २०२७च्या सिंहस्थात काय होईल ते दिसेलच. तुमचं शहर खालच्या रामकुंडाच्या स्वच्छतेवर भांडतं. ते पाणी तुम्ही पीत नाही, पुढची गावं पितात. तुम्ही पिता ते आमच्याकडून येतं. भांडायचंच तर वर येऊन भांडा.

---

नाथसागर

पुढचं गाव हजर आहे. छत्रपती संभाजीनगर. आम्ही जायकवाडीचं पितो, ते तुमच्या रामकुंडावरूनच आलेलं असतं. वाचून बरं वाटलं की काश्यपी चार ढांगांत ओलांडता येते. आमच्याकडे वाटतं की नाशिकवाले समुद्र अडवून बसलेत.

---

द्राक्षबाग_मखमलाबाद

@नाथसागर आला का विषय जायकवाडीवर. २०१५ला आमच्या डोळ्यांदेखत जायकवाडीसाठी धरणातून पाणी सोडलं, बागेला छाटणीनंतरचं पाणी नव्हतं. वाटेत किती मुरलं, किती उडालं याचा हिशोब कुणी दिला?

---

नाथसागर

दादा, कायदा २००५चा आहे, समन्यायी वाटपाचा. वरच्या धरणांतून कधी, किती सोडायचं याचे मेंढेगिरी समितीने निकष घालून दिले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरून सोडायचं, २०१६ला उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरलं. तुमच्या छाटणीएवढीच आमची तहान खरी आहे. जायकवाडी १०२ टीएमसीचं, पण वरून आलंच नाही तर ते कशाने भरायचं? आमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते नाशिकच्या माणसाला सांगितलं तर तो थट्टा समजतो.

---

संपादक

यानंतरचे पाच प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. जायकवाडीवर तीन धागे आधीच चालू आहेत. इथे नदीवर बोला, एकमेकांच्या जिल्ह्यावर नको.

---

शंकासुर

एक शंका. समूहात आळंदी धरण पण मोजतात. मग आळंदीचं पाणीही काश्यपीसारखं गंगापुरात येतं का? आणि ही आळंदी म्हणजे माउलींची नव्हे ना? (हसू नका, ऑफिसातल्या पुणेकराने मनापासून विचारलंय.)

---

जॅकवेल

माउलींची नव्हे, पुणेकरांना नमस्कार सांगा. ही आळंदी नदी गिरणाऱ्याच्या बाजूने येते आणि जलालपूरजवळ गोदावरीला मिळते. ती जागा गंगापूर धरणाच्या खाली आहे. म्हणजे आळंदीचं पाणी पिंपात येतच नाही, ते शेतीला. समूहात नाव आहे म्हणून टक्केवारीत मोजलं जातं. पेपरातला समूहाचा आकडा बघून पाणीकपातीचा अंदाज बांधणाऱ्यांनी ८१६ वजा करावेत.

---

धोंडेगावकर

मी या साइटवर वाचतो फक्त, आज पहिल्यांदा लिहितोय. चुकभूल माफ.

धागाकर्त्याने आमच्या धरणाखालची पोरं पाहिली, खेकडे धरणारी, त्यातला एक माझा पुतण्या असणार. शाळा बुडवून तिथंच असतो. (रविवार होता म्हणता, मग ठीक.)

धरण झालं तेव्हा मी लहान होतो, नव्वदच्या दशकात. आमच्या आजीचं खाचर होतं नदीला लागून. आंबेमोहोर नाही, कोळपी भात व्हायचा, वरच्या अंगाला नागली आणि वरई. आजी म्हणायची, या खाचराला खत लागत नाही, नदी दर साली घालून जाते. ती जी माती मोजपट्टी म्हणतात ना की धरणात भरली, ती आमच्याकडे खत होती. आता ते खाचर पाण्याखाली आहे. मे महिन्यात धरण उतरलं की बांध वर येतो. आजी होती तोवर दर उन्हाळ्यात जाऊन त्या बांधावर बसायची. जिथून उठवलं तिथंच जाऊन बसायची. घरचे म्हणायचे ऊन लागेल, ती म्हणायची माझ्या रानात मला कसलं ऊन.

पाणी उतरलं की जे रान उघडं पडतं त्यात गाळपेर करतात काही जण, काकडी, भाजीपाला. पाऊस पडायच्या आत काढायचं. तेवढाच नदीने परत दिलेला वाटा.

नोकरीचे शब्द दिले होते, काही पाळले, काही राहिले. कुणी दिले, कुणी पाळले नाहीत ते लिहीत नाही, तो विषय चाळीस प्रतिसादांचा आहे आणि संपादक परत येतील. पण पाणी सोडायच्या दिवशी आमची माणसं धरणावर का जाऊन उभी राहतात असं शहरात विचारतात, म्हणून एवढंच सांगतो. पाणी अडवायची हौस नाही. वर्षात तोच एक दिवस असतो जेव्हा खालचा माणूस वर बघतो.

आणि एक. धरण दारात आहे, पण आमची वाडी चढावर. मे महिन्यात वाडीतल्या बाया अजून झिऱ्यावर जातात. वाटीने पाणी उपसायचं, हंडा भरायला अर्धा तास. वरून धरण दिसतं.

---

उंबरा

...

काय लिहू कळत नाही. लिहीत राहा दादा.

---

पाथर्डीफाट्याचा

@धोंडेगावकर, तुमचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी परत वाचायला लावला. मग म्हणाले, आपण गेलो तेव्हा पाण्यात दगडांची एक ओळ दिसत होती, मला वाटलं जुना रस्ता असेल.

तो बांधच असणार, नाही?

---

धोंडेगावकर

भिंतीच्या बाजूने बघितलं तर उजव्या हाताला चिंचेचं वाळलेलं खोड आहे. त्याच्या जवळची ओळ असली तर आमचाच. दुसरी असली तर चुलत्याचा.

---

पाथर्डीफाट्याचा

खोड होतं. मुलीने फोटो काढलाय, त्यावर बगळा बसलेला आहे.

---

मोजपट्टी

मघाशी मी 'आख्खी नदी अडवून, लोकांची शेतं बुडवून' असं सहज लिहून गेलो. आकडे जुळवण्याच्या नादात. असू दे.

---

नाथसागर

धोंडेगावकर, जायकवाडीतही शंभरावर गावं गेली. माझं आजोळ त्यातलंच. आम्हालाही उन्हाळ्यात देवळाचा कळस दिसायचा.

द्राक्षबागवाले दादा, मघाचं मनावर घेऊ नका.

---

द्राक्षबाग_मखमलाबाद

नाही घेतलं. हंगामात या, बागेत बसून भांडू. द्राक्षं पाठवली असती पण ती पण पाणीच, वरचं पाणी खाली सोडलं म्हणतील.

---

पाथर्डीफाट्याचा

(एक आठवड्याने)

प्रकल्पाचं काय झालं विचारत होते काही जण. पुठ्ठा बदलला. आता त्यावर दोन नळ आहेत. एक अण्णांचा: वाघेऱ्याचे ओहोळ, काश्यपी, गंगापूर, जुनं नाशिक. दुसरा आमचा: औंढा, मुकणे, विल्होळी, पाथर्डी फाटा. काश्यपीच्या धरणात तिने पाण्याखाली एक खाचर काढलंय, हिरवं, आणि काठावर बसलेली आजी. बाईंनी विचारलं, हे काय? ही म्हणाली, "ते पण पाणी कुठून येतं त्यातच येतं." दहापैकी आठ मिळाले. दोन शुद्धलेखनाचे गेले, 'काश्यपी' ऐवजी 'कश्यपी' लिहिलं म्हणून.

मधे आमच्या गल्लीत पाणी सोडायला येणाऱ्या भाऊंनाही विचारून आलो, खात्री करावी म्हणून. व्हॉल्व्ह फिरवता फिरवता म्हणाले, "साहेब, मला टाकीपर्यंत माहीत. टाकीच्या मागं काय ते मोठ्या साहेबांना विचारा." मुलीने तेही पुठ्ठ्यावर लिहायचं म्हटलं होतं, मी नको म्हणालो.

आता औंढा नदी बघायला जायचंय. कुणी गेलंय का त्या बाजूला? मुकण्याच्या वर रस्ता कसा आहे?

---

जॅकवेल

महामार्गाने जा, मुकण्याचं पाणी रस्त्यावरूनच दिसतं. वरच्या अंगाला पावसाळ्यात दुचाकीने जाऊ नका, चिकणमाती आहे, घसरते. अण्णांना सांभाळून.

---

धोंडेगावकर

औंढा नंतर बघा. आमच्याकडे पाऊस लागलाय, रोपं तयार आहेत, येत्या रविवारी आवणी. पोरीला घेऊन या, चार काड्या तिच्या हातून लावू. चिखलात उतरायचे कपडे आणा. नि प्यायचं पाणी घरून आणा, झिरा सध्या गढूळ आहे.

---

पाथर्डीफाट्याचा

येतो. तिघं. पाणी मुकण्याचं आणतो.